रात्री दोन वाजता मी ‘ऑनलाइन’ होते, याची नोंद दुसऱ्याने का ठेवावी?

अर्धविराम (रामबाग, इंदूर) – रविवार, रात्री १०:५०

मी गेली नऊ वर्षे इंदूरमधील एका खासगी शिकवणीवर्गात अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. गेल्या महिन्यात पगारवाढीचे बोलण्यासाठी संचालकांच्या खोलीत गेले असता त्यांनी टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढली. किराणा दुकानात उधारी लिहायला असते तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्या एका पानावर माझे आद्याक्षर होते, त्याखाली तारखा आणि पुढे दोन रकाने. पहिल्या रकान्यात मी व्हॉट्सअॅपवर मध्यरात्रीनंतर दिसल्याची वेळ होती आणि दुसऱ्यात पहाटे पुन्हा दिसल्याची. ११ तारखेपुढे १:५० आणि ४:०५, १२ तारखेपुढे २:१५ आणि ४:१०. एका ओळीखाली लाल शाईने रेघ मारलेली होती. “मॅडम, रात्रभर जागता, मग सकाळी सातच्या तुकडीला न्याय कसा देणार?” असे त्यांनी अगदी सौम्य आवाजात विचारले.

माझ्या वडिलांना श्वासाचा जुना त्रास आहे. थंडीत तो वाढतो आणि तेव्हा रात्री दर दोन तासांनी उठून त्यांच्या बोटाला ते छोटे यंत्र लावून ऑक्सिजनची पातळी पाहावी लागते. तो आकडा मी कॅनडातील माझ्या भावाला कळवते, कारण डॉक्टरांशी तोच बोलतो आणि आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा त्याच्याकडे दुपार उलटत असते. आकडा टाइप करून फोन उशाशी ठेवायला मला अर्धे मिनिटही लागत नाही. वहीत मात्र त्या अर्ध्या मिनिटाची ‘रात्रभर’ झाली होती.

मला राग नंतर आला, आधी संकोच वाटला. त्या वेळा खोट्या असत्या तर मी तिथल्या तिथे खोडून काढल्या असत्या, पण त्या खऱ्या होत्या, आणि खऱ्या वेळेचे स्पष्टीकरण द्यायचे म्हणजे वडिलांचे आजारपण, भावाशी होणारे बोलणे, घरात रात्री कोण कोणासाठी उठते हे सगळे ज्यांना सांगण्याचे काही कारण नाही अशा माणसासमोर मांडणे आले. मी ते मांडले. त्यांनी मान हलवली आणि वही मिटली. पगार वाढला नाही, पण तो या धाग्याचा विषय नाही.

माझा प्रश्न असा आहे की, मी दोन वर्षांपूर्वीच ‘लास्ट सीन’ बंद केले होते. तरीही ही नोंद त्यांना कशी ठेवता आली? आणि अशी नोंद ठेवणे हा गुन्हा, किमान गैरवर्तन तरी, ठरते का? या मंचावर प्रत्येक प्रतिसादाची वेळ दिसते हे मला ठाऊक आहे. ती मी स्वतः लिहायला बसले म्हणून दिसते, एवढा फरक कृपया लक्षात घ्यावा.

स्कीम७४ (विजयनगर) – रविवार, रात्री ११:३५

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे, पण ते नीट समजावे म्हणून थोडे मागे जातो.

‘लास्ट सीन’ आणि ‘ऑनलाइन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही अॅप समोर उघडले की ते कंपनीच्या सर्व्हरला ‘मी आले’ असे कळवते, बंद केले की ‘मी गेले’ असे कळवते. ज्याने त्या क्षणी तुमच्याशी झालेल्या संभाषणाची खिडकी उघडून ठेवली असेल, त्याला सर्व्हर ती बातमी पोचवतो. त्या बातमीला ‘ऑनलाइन’ म्हणतात आणि शेवटच्या ‘मी गेले’च्या वेळेला ‘लास्ट सीन’. लास्ट सीन लपवण्याची सोय फार जुनी आहे, परंतु व्हॉट्सअॅपवर ‘ऑनलाइन’ लपवण्याची सोय येण्याची घोषणा ऑगस्ट २०२२ मध्ये झाली. त्याआधी काहीही केले तरी अॅप उघडणारा माणूस दिसायचाच. आताही ती निवड वेगळी करावी लागते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी या विभागात ‘लास्ट सीन अँड ऑनलाइन’ असे पान आहे. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात तुम्ही ‘नोबडी’ निवडले असेल, पण खालच्या अर्ध्या भागात ‘एव्हरीवन’ तसेच राहिले असणार. तिथे ‘सेम अॅज लास्ट सीन’ निवडा. आमच्या कार्यालयात याच विषयाचे काम करणारी मंडळी आहेत, त्यांच्यातल्याही निम्म्यांचे हे खालचे खाते, म्हणजे ‘ऑनलाइन’ची निवड, उघडे निघाले होते.

आता वहीकडे येऊ. तुमचे संचालक रात्री दोन वाजता स्वतः जागून तुमची खिडकी न्याहाळत असतील असे मला वाटत नाही. (तसे असेल तर सातच्या तुकडीला न्याय देण्याचा प्रश्न आधी त्यांना विचारायला हवा.) एखादा क्रमांक दिला की तो कधी आला, कधी गेला याच्या नोंदी ठेवून सकाळी तक्ता हातात देणारी अॅप्स अनेक वर्षे मिळत आली आहेत. पालकांना मुलांवर लक्ष ठेवता यावे, अशी त्यांची जाहिरात असते. व्हॉट्सअॅपने डिसेंबर २०२१ मध्ये अनोळखी माणसांसाठी ही खिडकी बंद केली, म्हणजे ज्यांच्याशी तुमचे कधी बोलणेच झालेले नाही त्यांना ती दिसत नाही. पण संचालकांशी तुमचे बोलणे रोजच होत असणार.

एकेक वेळ निरुपद्रवी असते. दोष ती साठवण्यात आहे. जर्मनीतील उल्म विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१४ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन वेगवेगळ्या गटांतील मिळून एकोणीस माणसांच्या व्हॉट्सअॅपवरील हजेरीच्या वेळा त्यांनी चार आठवडे गोळा केल्या. एकही संदेश वाचला नाही, तो वाचता येणारही नव्हता. नुसत्या वेळांवरून त्यांना माणसांची दिनचर्या, तिच्यात एखाद्या दिवशी पडलेला खंड, कामाच्या वेळेत चाललेल्या गप्पा आणि कोण कोणाशी बोलत असावे, हेही ओळखता आले. दोघांच्या येण्याजाण्याच्या वेळा एकमेकींवर ठेवल्या की संभाषण दिसू लागते, ते असे. व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेशांना टोकापासून टोकापर्यंतचे कूटबंधन (एन्क्रिप्शन) लागू केले, पण त्याने पत्रातील मजकूर झाकला जातो. पोस्टमन कितीदा आला हे समोरच्या ओट्यावरून दिसतच राहते.

तांबडफुटी (सुदामानगर) – सोमवार, पहाटे ५:२०

अर्धविरामताई, तुमच्यावर जो प्रसंग आला तो निंद्यच आहे. पण दुसरी बाजू कोणी मांडणार नसेल तर ती मी मांडतो.

माझे वय ७३ आहे. माझे एक मित्र लोकमान्यनगरला एकटे राहतात. मुलगा बेंगळूरला, पत्नी जाऊन आठ वर्षे झाली. ते पहाटे पाचच्या सुमारास उठतात आणि मी त्यांचे ‘लास्ट सीन’ पाहतो. पाच-सव्वापाचची वेळ दिसली की मी निर्धास्तपणे चहा ठेवतो. गेल्या वर्षी श्रावणात एके दिवशी साडेसहा वाजले तरी तिथे आदल्या रात्रीचे ९:४० च दिसत होते. फोन केला, तो उचलला गेला नाही. मी स्कूटर काढली आणि शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन दार उघडले, तर ते न्हाणीघरात पडलेले होते. खुब्याचे हाड मोडले होते. आणखी चार तास गेले असते तर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही.

पूर्वी आमच्या वाड्यात कोणाच्या खोलीतला दिवा किती वाजता लागला, कोणाच्या चुलीचा धूर आज दिसला नाही, हे सगळ्यांना माहीत असायचे. त्याला कोणी पाळत म्हणत नसे. तुम्ही सगळ्यांनी हे दिवे मालवून टाकले, तर एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांनी काय करावे?

शेवपोहे – सोमवार, पहाटे ५:४५

काका, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आले. मी तुमच्या अगदी उलट टोकाला आहे. माझी पाळी रात्रीची असते, ग्राहक अमेरिकेतले असतात, आणि तुम्ही चहा ठेवता तेव्हा मी घरी येऊन झोपायच्या तयारीत असते.

वाड्यातल्या दिव्याबद्दल एक म्हणावेसे वाटते. दिवा पाहणारी शेजारीणही आपल्या खिडकीत दिसायची. तिने तीनदा डोकावले तर आजी तिला विचारायची, “काय गं, काही हवंय का?” इथे माझी खिडकी कोणी दिवसातून चाळीस वेळा उघडली तरी मला त्याचा पत्ता लागत नाही.

माझे लग्न ठरले होते. ‘होते’ असे लिहिते आहे. माझ्याबरोबर काम करणारा एक सहकारी आणि मी, आम्हाला मध्यरात्री तीन वाजता एकच सुट्टी मिळते आणि त्या पंधरा मिनिटांत सगळेच फोन पाहतात. ज्यांच्याशी लग्न ठरले होते त्यांनी आमच्या दोघांच्या ‘ऑनलाइन’च्या वेळा जुळवून पाहिल्या. तीन ते सव्वातीन, सलग आठ दिवस. स्कीम७४ यांनी लिहिलेला जर्मनीतला प्रयोग त्यांनी स्वतःच करून पाहिला म्हणायचा, फक्त निष्कर्ष चुकला. मी माझ्या आईला संदेश पाठवत असे आणि तो त्याच्या बायकोला. हे सिद्ध करण्यासाठी मी त्यांना फोन उघडून दाखवावा, असा आग्रह झाला. मी तो दाखवला नाही.

त्याआधी एकदा मी ‘ऑनलाइन’ बंद करून पाहिले होते. दुसऱ्याच दिवशी विचारणा झाली की, लपवण्यासारखे एवढे काय आहे? चोराच्या मनात चांदणे म्हणतात, पण इथे ज्याने दार लावले तोच चोर ठरतो. म्हणून केवळ सेटिंग बदला असे सांगणे मला पुरेसे वाटत नाही. ज्या घरात सेटिंग बदलण्याचाच जाब विचारला जातो, तिथे ती मुलगी काय करणार?

ओसरी (अॅडव्होकेट) – सोमवार, दुपारी २:१५

मी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात वकिली करते. खालील मजकूर सल्ला म्हणून नव्हे, तर माहिती म्हणून वाचावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. ते सर्वांना माहीत असते, पण त्याचा आधार घेऊन कोणी आपल्या सासूविरुद्ध किंवा संचालकाविरुद्ध थेट दाद मागू पाहील तर निराशा पदरी येईल. त्यासाठी कायद्यातील नेमके कलम लागते.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. या कायद्याच्या कलम ३ मध्ये दोन गोष्टी आहेत, ज्या या धाग्याला तंतोतंत लागू पडतात. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे शेवपोहे यांच्या प्रकरणात तो हात वर करतो. दुसरे असे की, हा कायदा डिजिटल स्वरूपात गोळा केलेल्या किंवा कागदावर गोळा करून नंतर डिजिटल केलेल्या माहितीपुरता आहे. पडद्यावर पाहिलेली वेळ संचालकांनी शाईने वहीत उतरवली, तर ती यात बसते का, यावर दोन्ही बाजूंच्या वकिलांना बराच वेळ बोलता येईल. लाल पुठ्ठ्याची ती वही त्यांनी अजाणता का होईना, पण फार सोयीची निवडली आहे.

भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ मात्र वाचण्यासारखे आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत ३५४ड म्हणून होते तेच, १ जुलै २०२४ पासून या क्रमांकाने लागू आहे. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कसाधनाच्या वापरावर पुरुषाने पाळत ठेवणे, हा त्यात पाठलागाचा गुन्हा मानला आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. आपण सर्वांना दिसू दिलेली वेळ कोणी सहज पाहिली, तर ती पाळत ठरवणे अवघड आहे, असे माझे मत आहे. पण अॅप लावून महिनोन्महिने नोंदी ठेवल्या, त्या जाब विचारण्यासाठी वापरल्या, आणि नको म्हटल्यावरही हे चालू राहिले, तर ती सहज नजर उरत नाही. म्हणून अर्धविरामताईंनी एक करावे. संचालकांना लेखी कळवावे की, या नोंदी ठेवण्यास आपली हरकत आहे. साध्या चार ओळी आणि तारीख पुरे. अशा चार ओळी न लिहिल्यामुळे अडलेल्या अशिला मी पाहिल्या आहेत.

फोनमध्ये कोणी चोरून एखादे अॅप टाकले असल्याचा संशय असेल, तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे, हे लक्षात ठेवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग आहे, तिथे जावे.

स्कीम७४ – सोमवार, रात्री ९:१०

तांबडफुटी काकांच्या प्रश्नावर दिवसभर विचार केला. त्यांना सगळ्या गावाचे दिवे नको आहेत, एकाच घरातला दिवा हवा आहे. आणि नेमके तेवढेच व्हॉट्सअॅपवर सरळ करता येत नाही. तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ असा पर्याय आहे, म्हणजे अमुक सोडून सगळ्यांना दाखवा. ‘कोणालाच नको, पण या एकाला दाखवा’ अशी निवड नाही. टेलिग्रामवर ती आहे. ‘नोबडी’ निवडूनही ‘ऑलवेज शेअर विथ’ या यादीत एखादे नाव घालता येते. शिवाय टेलिग्रामवर ज्यांच्यापासून वेळ लपवली त्यांना घड्याळाची वेळ न दिसता ‘अलीकडे दिसले’ किंवा ‘आठवड्याभरात दिसले’ असे मोघम शब्द दिसतात. त्यावरून माणूस आहे एवढे कळते, कधी उठला ते कळत नाही. सिग्नलवर तर ‘ऑनलाइन’ आणि ‘लास्ट सीन’ या दोन्ही गोष्टी मुळातच नाहीत आणि त्यामुळे कोणाचे काही अडलेले मी पाहिलेले नाही. म्हणजे ही हजेरी दाखवणे हा काही तंत्रज्ञानाचा नाइलाज नाही. कोणीतरी तसे ठरवले आहे.

आपल्यातल्या चाळिशीच्या लोकांना याहू मेसेंजर आठवत असेल. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसल्यावर आपण आधी ‘इनव्हिजिबल’ व्हायचो आणि मग कोण आले आहे ते पाहायचो. तिथे अदृश्य राहणे हा कोणाचा अपमान नव्हता.

सिग्नलचे नाव घेतले म्हणून एक कबुलीही द्यायला हवी. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले की, समोरच्याच्या फोनवर काहीही न वाजता, काहीही न दिसता, त्याला संदेश पोचल्याच्या गुपचूप परतपावत्या मागवता येतात आणि त्या यायला लागणाऱ्या वेळेतील सूक्ष्म फरकांवरून त्याच्या फोनचा पडदा चालू आहे की बंद, याचा अंदाज करता येतो. हे व्हॉट्सअॅप आणि सिग्नल या दोन्हींवर करून दाखवले गेले. लाल वही ठेवणारा माणूस इतक्या खोलात जाणार नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण सेटिंग बदलली की आपण पूर्ण अदृश्य झालो, असेही समजू नये. गटात तुम्ही संदेश वाचल्याचे पाठवणाऱ्याला दिसतेच, निळ्या खुणा बंद केल्या तरी. तुमच्या वर्गाचा शिक्षकांचा गट असेल, तर तेवढे ध्यानात ठेवा.

अर्धविराम – शनिवार, सायंकाळी ७:३०

खालचे खाते उघडेच होते. ते बंद केले. ओसरीताईंनी सांगितल्याप्रमाणे चार ओळी लिहिल्या, तारीख घातली आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवून कार्यालयात दिली. पोच मागितली तेव्हा कारकुनाने दोनदा वाचून शिक्का मारला.

चौथ्या दिवशी संचालकांनी शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर विचारले, “मॅडम, आजकाल दिसत नाही तुम्ही?” मी सात वाजल्यापासून वर्गावरच होते, असे मी सांगितले. माझ्या शेजारी बसणाऱ्या रसायनशास्त्राच्या सरांनी त्यानंतर हळूच विचारले की, हे खालचे खाते नेमके कुठे असते. मग भौतिकशास्त्राच्या मॅडमनी विचारले. एकंदर पाच जणांची पाने त्या वहीत होती, असे आता कळते आहे. त्यांतील एकजण रात्री उशिरा सराफ्यातल्या खाऊबाजारात भावाच्या गाड्यावर गराडू (एक कंद) तळतात आणि तिथे गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी फोनवरच येतात. त्यांनाही आळशी म्हणून सुनावले गेले होते.

शेवपोहे, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही फोन दाखवला नाही, हे वाचून मात्र मी माझ्या त्या दिवसाच्या स्पष्टीकरणाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले आहे. मला ते देण्याची घाई झाली होती.

तांबडफुटी – रविवार, पहाटे ५:२५

आठवडाभर हा धागा वाचून मला जरा अपराधी वाटू लागले होते. मित्राला न विचारता मी सहा वर्षे त्यांचे उठणे मोजत होतो, हे खरेच आहे. म्हणून काल त्यांच्या घरी गेलो आणि सांगून टाकले. ते आता काठी घेऊन चालतात. माझे बोलणे ऐकून म्हणाले, “मला पहाटे पाचला त्या फोनशी काय काम असणार? तू पाहतोस हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. उठलो की एकदा उघडतो आणि पुन्हा ठेवून देतो.”

आज ५:०८ दिसले.